पदकाआधीची पाच वर्षं: मुलीच्या नेमबाजीसाठी पैसा कुठून उभा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत राहणारे, एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर असलेले एक वडील विचारतात: मुलगी सतरा वर्षांची, अकरावीत आहे. तीन वर्षं बालेवाडीला दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. यंदा राष्ट्रीय स्पर्धेत ज्युनियर गटात ६१८ चा स्कोर झाला. रायफल अजून क्लबचीच आहे. आत्तापर्यंत साडेचार लाख खर्च झाले, त्यातले दोन लाख पतसंस्थेचं कर्ज. जुन्नरकडे वाट्याला आलेली बारा गुंठे जमीन आहे आणि चुलतभाऊ ती घ्यायला तयार आहे. जमीन विकून रायफल घ्यावी आणि दोन वर्षं पूर्ण जोर लावावा का? सरकारी योजना कुठली मिळेल? प्रायोजक कसा मिळवायचा?

दादा, सुरुवातीलाच सांगते, जमीन विकू नका. कधीच विकू नका असं म्हणत नाही. आज, या कारणासाठी विकू नका. मी आधी स्वतः धावायचे, राज्य पातळीपर्यंत. त्यानंतर गेली चोवीस वर्षं पुण्यात खेळाडूंना मदत करणाऱ्या संस्थांचं काम करते आहे. अर्ज वाचायचे, पालकांशी बोलायचं, देणगीदारांच्या दारात जायचं आणि शेवटी हिशोब लावायचा. जमीन, दागिने किंवा पीएफ मोडून आलेला पैसा साधारण दीड वर्षात संपतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं. तुमच्या मुलीला पैसा लागणार आहे तो निदान पाच वर्षं, आणि दर महिन्याला.

पाच वर्षं का म्हणते ते स्कोरवरूनच बघू. सतराव्या वर्षी ६१८ हा चांगला स्कोर आहे, मनापासून अभिनंदन. पण २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात रमिता जिंदाल ६३१.५ गुणांनी पाचवी येऊन अंतिम फेरीत गेली, आणि आपलीच इलावेनिल वलारिवन ६३०.७ गुणांनी दहावी येऊन बाहेर राहिली. साठ शॉटमध्ये मिळून ०.८ चा फरक. तुमच्या मुलीला तिथपर्यंत पोचायला प्रत्येक शॉटमागे पाव गुणाहूनही कमी वाढ हवी आहे. ऐकायला ती किरकोळ वाटते. प्रत्यक्षात ६१८ चे ६२५ व्हायला एक-दीड वर्ष जातं आणि ६२५ चे ६३० व्हायला कधीकधी तीन. शेवटचे पाच गुण सर्वांत महाग असतात, आणि ते नवीन रायफलीने येत नाहीत. ते येतात चांगला प्रशिक्षक रोज मागे उभा राहिल्याने, पाठ दुखायला लागायच्या आधी फिजिओने पाहिल्याने, मोठ्या स्पर्धांचा दाब पुन्हा पुन्हा अनुभवल्याने.

स्वप्नील कुसाळेचा प्रवास आठवा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या शिक्षकाचा मुलगा. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून नेमबाजीत आला, २०१५ साली मध्य रेल्वेत पुण्याला तिकीट तपासनीस म्हणून लागला, बालेवाडीच्या रेंजवर वर्षानुवर्षं घाम गाळला आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. लोकांना ते पदक एका दिवसाचं वाटलं. मी ते नऊ वर्षांच्या नियमित पगाराचं पदक मानते. घरात पैसा आहे की नाही या काळजीशिवाय रोज सकाळी रेंजवर उभं राहता येणं, ही त्या नऊ वर्षांची कमाई.

आता तुम्ही शेतीच्या घरातले म्हणून त्याच भाषेत सांगते. पेरणी झाली, पहिला पाऊस चांगला पडला, रोप वर आलं आणि मग उघडीप पडली, अशी ही अवस्था आहे. शाळेच्या वयात आई-बाप खर्च करतात, जिल्हा-राज्य पातळीवर कौतुक होतं. आंतरराष्ट्रीय पदक आलं की सरकार, कंपन्या, पुढारी सगळेच धावून येतात. मधली सोळा ते एकवीस-बावीस ही वर्षं कोरडी जातात. बहुतेक मुलं खेळ सोडतात ती याच पट्ट्यात, आणि त्यातल्या कितीतरी मुलांच्या गुणवत्तेत काहीच कमी नसतं.

हे आजचं नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचं पथक गेलं त्याची सुरुवात आपल्या डेक्कन जिमखान्यावरची. तिथल्या क्रीडा मेळाव्यात सर दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारे खेड्यापाड्यातले धावपटू पाहिले आणि पदरचे पैसे घालून पथक पाठवायला मदत केली. १९५२ ला खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायचं तर कराडजवळच्या गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खरडीकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्यातून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. शेजारच्या पाकिस्तानातही तेच. भालाफेकपटू अर्शद नदीमच्या सुरुवातीच्या सरावासाठी गावकऱ्यांनी आणि नातेवाइकांनी पैसे गोळा केले होते. पॅरिसच्या काही महिने आधी त्याचा आंतरराष्ट्रीय दर्जाचा भाला खराब झाला आणि नवीन भाल्यासाठी त्याला जाहीर विनंती करावी लागली. ऑगस्टमध्ये त्याने ९२.९७ मीटर फेकून सुवर्ण जिंकलं आणि मग बक्षिसांचा वर्षाव झाला.

मला या सगळ्यापेक्षा जुन्या तालमींची पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. कोल्हापूरला शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, १९१२ ला खासबागचं मैदान उभं राहिलं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या राजाश्रयाचं मर्म इनामात नव्हतं, खुराकात होतं. दूध, तूप, बदाम रोज लागतात. कुस्ती जिंकली म्हणून दुप्पट आणि हरली म्हणून बंद, असं केलं तर पैलवान तयारच होत नाही. आपण मात्र खुराक विसरून इनाम तेवढं लक्षात ठेवलं. हरियाणा ऑलिंपिक सुवर्णाला सहा कोटी देतं. खेळाडूला ते मिळावेत, त्याने रक्त आटवलेलं असतं, आणि गावातल्या पोरांना खेळाकडे ओढायला अशा बक्षिसांचा उपयोगही होतो. पण महिन्याला पंचवीस हजार म्हणजे वर्षाला तीन लाख या दराने त्याच सहा कोटींत चाळीस मुलांची पाच-पाच वर्षं निघतात. मी देणगीदारांसमोर बसते तेव्हा हे गणित कागदावर मांडून दाखवते. काही जणांना पटतं.

आता तुमच्या घराकडे वळू. पहिलं काम खर्चाची वही घालायचं. पालक मला "खूप खर्च होतो हो" सांगतात, आकडा कोणी सांगत नाही. आणि आकडा नसलेल्या अर्जाला कोणी पैसे देत नाही. तुमचा महिन्याचा खर्च मी अंदाजाने मांडते, तुम्ही दुरुस्त करा. दिवसाला दीडशे शॉट आणि महिन्याला पंचवीस दिवस सराव धरला तर पावणेचार हजार पेलेट, म्हणजे छर्रे, लागतात, म्हणजे पाचशेच्या साडेसात डब्या. मॅचच्या दर्जाची डबी हजार रुपयांच्या आसपास धरली तर साडेसात हजार पेलेटचेच झाले. रेंजची फी, प्रशिक्षकांची फी, भोसरी ते बालेवाडी रोजचं येणं-जाणं, अंडी-दूध-सुकामेवा, महिन्यातून दोनदा फिजिओ. वर्षातून चार-पाच बाहेरगावच्या स्पर्धा, त्यात रेल्वेचं तिकीट, राहणं आणि बरोबर आई किंवा वडील. हे सगळं बारा महिन्यांत वाटलं तर माझ्या मते तीस-पस्तीस हजारांच्या घरात जाईल. वर्षाचे चार लाख. पाच वर्षांचे वीस. जमिनीच्या पैशाने हे पुरं पडणार नाही आणि शिवाय रायफल वेगळी, म्हणून मी नको म्हणते.

रायफल हा या सगळ्यातला सर्वांत सोपा खर्च आहे, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. तो एकदाच होतो, डोळ्यांना दिसतो, आणि देणाऱ्याला फोटो काढता येतो. रायफलीसाठी माणूस मिळतो. मुलीच्या पाठदुखीवर महिन्याला दोन हजार द्यायला कोणी मिळत नाही. परदेशी बनावटीची नवी रायफल तीन लाखांच्या आसपास किंवा वर जाते. तोपर्यंत सीनियर नेमबाजांकडे जुनी विचारा. पुण्यात एकाची रायफल दुसऱ्याकडे जाणं नेहमीचं आहे, बालेवाडीच्या रेंजवर दोन आठवडे कानावर घातलंत तर कळेल. घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख आवर्जून बघा. त्याची मुदत साधारण दहा वर्षांची असते आणि मुदत संपलेला सिलिंडर म्हणजे पुन्हा खर्च. जॅकेट-ट्राउझर मात्र दुसऱ्याचं घेऊ नका, ते अंगाला बसलंच पाहिजे. आणि मुलीची कामगिरी वाढून तिला नामांकित नेमबाजाचा दर्जा मिळाला की परदेशी शस्त्र आणताना आयात शुल्कात सवलत मिळते. म्हणून कर्ज काढून आजच नवी कोरी रायफल घेण्यात घाई आहे.

सरकारी योजनांबद्दल गैरसमज फार आहेत, त्यामुळे थोडं स्पष्ट बोलते. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये खर्च होतात असं तुम्ही वाचलं असेल. ते खरं आहे, पण ते तुमच्या खात्यात येत नाहीत. मुलीच्या हातात महिन्याला दहा हजार येतात. बाकीची रक्कम प्रशिक्षण, राहणं, साहित्य, स्पर्धा यांसाठी मान्यताप्राप्त अकादमीमार्फत खर्च होते. तरीही हे मिळालं तर तुमचा निम्म्याहून जास्त भार हलका होईल. निवड राष्ट्रीय पातळीवरच्या कामगिरीवरून होते, त्यामुळे पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेतला स्कोर आणि क्रमांक महत्त्वाचा. प्रशिक्षकांना विचारून ठेवा की यंदाची निवड कुठल्या स्पर्धेवरून होणार.

त्याच्या वरची पायरी म्हणजे २०१४ ला सुरू झालेली टॉप्स, ऑलिंपिक पदकाची आशा असलेल्या खेळाडूंसाठीची केंद्राची योजना. तिच्यात दोन गट आहेत. कोअर गटातल्या खेळाडूला महिन्याला पन्नास हजार, डेव्हलपमेंट गटातल्याला पंचवीस हजार हातखर्च, आणि परदेशी सराव, साहित्य, प्रशिक्षक, फिजिओ यांचा खर्च वेगळा. यासाठी वडिलांनी अर्ज करून उपयोग नसतो. मिशन ऑलिंपिक सेल ही केंद्राची समिती कामगिरी पाहून नावं ठरवते. तुमची मुलगी भारताच्या ज्युनियर संघाच्या ट्रायल्समध्ये सातत्याने वरच्या पाच-सहात यायला लागली की तो विषय आपोआप निघेल. आज त्यासाठी कोणी "ओळख आहे, करून देतो" म्हणून पैसे मागितले तर दारातूनच परत पाठवा.

राज्याचं क्रीडा संचालनालय बालेवाडीतच आहे, पण तुमचा रोजचा संबंध येईल जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी. बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव कॉलेजमार्फत तिथेच जातो. राज्याच्या नोकऱ्यांमध्ये पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे होते. मागे बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं झाली, तेव्हापासून पडताळणी कडक आहे आणि असायलाच हवी. त्यामुळे नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. प्रवेशिका, निकालपत्रक, संघनिवडीचं पत्र, सगळं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. पंधराव्या वर्षीचा एक कागद हरवला म्हणून बाविसाव्या वर्षी नोकरी अडलेली मुलगी मी पाहिली आहे.

आता प्रायोजक. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पालक त्यांची गल्लत करतात. एक जाहिरातीचा पैसा, दुसरा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा. जाहिरातीचा पैसा अजून चारचौघांना माहीत नसलेल्या खेळाडूला मिळत नाही, त्याच्या मागे वेळ घालवू नका. सीएसआरचं कायद्याने ठरलेलं आहे. वर्षाला पाच कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा, किंवा हजार कोटींची उलाढाल, किंवा पाचशे कोटींची नक्त मालमत्ता असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. ऑलिंपिक, पॅरालिंपिक, राष्ट्रीय मान्यता असलेले आणि ग्रामीण खेळ यांचं प्रशिक्षण त्या यादीत आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात अशा कंपन्या भरपूर आहेत. पण हा पैसा तुमच्या खात्यात थेट येत नाही, तो नोंदणीकृत संस्थेमार्फत येतो. आणि एक बारकावा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे: कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. म्हणून तुमच्या स्वतःच्या कंपनीकडे सीएसआर मागू नका. तिथे स्पर्धेच्या वेळी रजा मागा, पाळी बदलून मागा, कामगार कल्याण निधीतून काही होतं का विचारा. तीही मदतच आहे, आणि एचआरच्या माणसाने मनावर घेतलं तर ती पटकन होते.

सीएसआरच्या पैशासाठी आधी संस्था गाठा. पुण्यात खेळाडूंसाठी काम करणारी 'लक्ष्य' ही संस्था आहे. देशपातळीवर गीत सेठी आणि प्रकाश पदुकोण यांनी २००१ ला सुरू केलेली ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट आहे, बंगळुरूची गोस्पोर्ट्स फाउंडेशन आहे. अर्ज पाठवण्याआधी एवढं लक्षात घ्या की अशा अर्जांच्या ढिगात बसून मीच वर्षानुवर्षं निवड केली आहे, आणि पदकांचे फोटो मी शेवटी बघायचे. आधी बघायचे स्कोरची चढती रेघ. दोन वर्षांपूर्वी ६०४ होता, मागच्या वर्षी ६११, यंदा ६१८, आणि सरावातला स्कोर व मॅचमधला स्कोर यांत फार अंतर नाही, असं दिसलं की मी पुढचं पान वाचायचे. मग बघायचे मुलीची स्वतःच्या हातची सरावाची डायरी. मग प्रशिक्षकांचा पुढच्या वर्षाचा आराखडा. आणि त्यानंतर खर्चाची वही. "आम्हाला मदत करा" असं लिहिलेल्या अर्जापेक्षा "महिन्याला बत्तीस हजार लागतात, अठरा आम्ही घालतो, चौदा कमी पडतात" असं लिहिलेल्या अर्जावर निर्णय फार लवकर होतो.

आणि काय मागायचं तेही नीट ठरवा. एकरकमी धनादेश मागू नका. दर महिन्याच्या पाच तारखेला येणारी ठरावीक रक्कम मागा, आणि तीन वर्षांसाठी मागा. सीएसआरमध्ये चालू प्रकल्प म्हणून काम घेतलं तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं ते चालवता येतं, संस्थेच्या लोकांना हे ठाऊक असतं. पुढे कधी परदेशात सरावाची संधी आली तर तीही अडत नाही. सीएसआरचा पैसा एरवी देशाबाहेर खर्च करता येत नाही, पण राज्याचं किंवा देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाला त्यात अपवाद आहे.

दर महिन्याच्या रकमेवर मी एवढा जोर का देते, ते सांगायला हवं, कारण त्यात माझी चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी ज्या संस्थेत होते तिथे, आम्ही एका धावपटू मुलीला मदत करत होतो. दुष्काळी भागातून आलेली, कात्रजला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. देणगी यायची मार्चमध्ये, आर्थिक वर्ष संपताना, एकदम. आम्ही तिला बूट दिले, स्पर्धांची तिकिटं काढली, उरलेली रक्कम दिली आणि काम झालं असं समजलो. तिने त्यातले निम्मे घरी पाठवले. धाकट्या भावाची फी होती. ते चूकही म्हणता येणार नाही. दिवाळीनंतर तिच्याकडे खोलीचं भाडं आणि एका वेळचं जेवण एवढंच उरलं. तशातच ती आठवड्याला शंभर किलोमीटर पळत होती. पाळी बंद झाली, तिने कोणाला सांगितलं नाही. जानेवारीत नडगीच्या हाडाला तडा गेला. मग समितीच्या बैठकीत ठरलं की कामगिरी नाही म्हणून मदत थांबवायची. मी त्या बैठकीत होते आणि गप्प बसले. तिला सर्वांत जास्त गरज होती तो नेमका महिना आम्ही निवडला. ती पुढे पोलीस भरतीत गेली, आज सुखात आहे, भेटली की हसून बोलते. पण तिच्या पायांत जे होतं ते वाया गेलं आणि त्याला आमची पद्धत कारणीभूत होती. त्यानंतर मी जिथे जिथे काम केलं तिथे दोन गोष्टी लिहूनच घेतल्या: रक्कम महिन्याची, आणि दुखापतीत मदत वाढेल, थांबणार नाही.

तुम्हीही करार करताना हेच बघा. मुलगी अठरा पूर्ण होईपर्यंत ती स्वतः करार करू शकत नाही, सही पालकांची लागते, म्हणजे जबाबदारी तुमची. मुदत किती वर्षांची? बक्षिसाच्या रकमेतला वाटा मागितला आहे का? दुखापत झाली तर काय? प्रशिक्षक बदलायचा अधिकार कोणाकडे? दहा वर्षांचा करार आणि सगळ्या उत्पन्नात मोठा हिस्सा, असा कागद पुढे आला तर कितीही गोड बोलणं असलं तरी सही करू नका. ओळखीतल्या वकिलाला दाखवायला दोन दिवस मागितले तर चांगली संस्था नाही म्हणत नाही. कोणी पैशाऐवजी पावडरी, गोळ्या, एनर्जी ड्रिंक देऊ केलं तर घेऊ नका. त्यात काय मिसळलं आहे याची जबाबदारी खेळाडूवरच येते. नेमबाजीत तर रक्तदाबाच्या आणि अर्धशिशीच्या काही औषधांतले बीटा ब्लॉकरसुद्धा बंदीच्या यादीत आहेत, तेव्हा साध्या दवाखान्यात गेलात तरी डॉक्टरांना ती नेमबाज आहे हे आधी सांगा.

गावाने, मित्रमंडळाने वर्गणी काढली तर घ्या, त्यात कमीपणा नाही. खाशाबांनीही घेतली. फक्त पावती द्या आणि वर्षाखेरीस हिशोब वाचून दाखवा. नातेवाइकांव्यतिरिक्त लोकांकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर भेट मिळाली तर ती सगळी रक्कम करपात्र होते, त्यामुळे मोठी वर्गणी असेल तर ती संस्थेमार्फत यावी हे बरं.

नोकरीचं आत्तापासून मनात धरा. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या, आयकर खातं, सगळीकडे खेळाडूंची भरती होते. नेमबाज राही सरनोबत, धावपटू ललिता बाबर यांना राज्याने उपजिल्हाधिकारी केलं, पण तो मान मोठ्या आंतरराष्ट्रीय कामगिरीनंतरचा. तुमच्या मुलीसाठी उघडीप संपवणारा पहिला पाऊस बहुधा रेल्वेसारख्या नोकरीचाच असेल, एकोणीस-वीसच्या आसपास. म्हणून बारावी आणि पुढे पदवी सोडू देऊ नका. "दोन वर्षं पूर्ण जोर" म्हणजे कॉलेज बंद, असा तुमचा विचार असेल तर तो माझ्या मते चुकीचा आहे. कॉलेजमुळे विद्यापीठाच्या स्पर्धा मिळतात, आंतरविद्यापीठ आणि खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सचा रस्ता उघडा राहतो. आणि चोवीस तास फक्त स्कोरचा विचार करणारं डोकं लवकर थकतं.

प्रशिक्षकांबद्दलही एक सांगते. पुण्यातले कितीतरी चांगले प्रशिक्षक सकाळी हौशी लोकांच्या बॅच घेऊन त्या पैशांवर दुपारी होतकरू मुलांना शिकवतात. तुमच्या मुलीच्या प्रशिक्षकांनी कधी फी सोडली असेल तर ती वहीत लिहा, त्यांची देणगी म्हणून. अर्जात ते दाखवा. पुढे पैसा आला की पहिला वाटा तिकडे जावा.

तुमच्या प्रश्नात सगळं आहे, पण मुलीचं म्हणणं कुठेच नाही. तिला जमिनीचं माहीत आहे का? नेमबाजी हा श्वासाचा आणि बोटाच्या टोकाचा खेळ आहे. माझ्यासमोर एक मुलगा रेंजवर बसून रडला होता, कारण प्रत्येक वाईट शॉटनंतर त्याला आईचं मंगळसूत्र आठवायचं. बारा गुंठ्यांचं ओझं तिच्या बोटावर ठेवू नका. खर्चाची वही मात्र तिच्यासमोर उघडी ठेवा, तिला लिहू द्या. सतरा वर्षांच्या मुलीला घरची परिस्थिती समजते. लपवलेला हिशोब मात्र तिला घाबरवतो.

तर या हिवाळ्यात एवढं करा. पतसंस्थेचं व्याज किती लागतं ते बघा आणि तिथेच हप्ता वाढवून मुदत कमी करता येते का विचारा, कारण महिन्याच्या खर्चातला तो छुपा खड्डा आहे. डिसेंबरपर्यंत तीन महिन्यांची वही पूर्ण करा. दोन वर्षांचे स्कोर एका कागदावर मांडा. प्रशिक्षकांकडून पुढच्या वर्षाचा आराखडा लिहून घ्या. त्यांना लिहायला वेळ नसेल तर ते बोलतील ते मुलीनेच लिहावं आणि त्यांची सही घ्यावी. जानेवारीत दोन-तीन संस्थांना अर्ज पाठवा. कंपन्यांचा उरलेला सीएसआर निधी तेव्हाच हलतो आणि नव्या वर्षाची आखणीही त्याच सुमाराला सुरू होते. जुन्या रायफलीची चौकशी आजपासून करा. चुलतभावाला सांगा की पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत थांब. तो थांबेल, जमीन कुठे पळून जात नाही. आणि अर्ज घेऊन कुठल्याही संस्थेत जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या, तिलाच बोलू द्या. डायरी तिच्याच हातात असू द्या.